पुढच्या टेबलाचं काम

बायको अनारकुल गेली हे दोरोनबेकला समजलं त्या दुपारी त्याच्या कानांवर हेडफोन होते, म्हणून दाराची बेल त्याला ऐकू आली नाही. समोरच्या घरी किल्ली ठेवलेली असे. ती घेऊन दोघं आत आले होते, अनारकुलचा थोरला भाऊ तोकोन आणि खालच्या मजल्यावरचे एक म्हातारे गृहस्थ. खांद्यावर हात पडला तेव्हा तो इतका दचकला की टेबल हललं आणि डाव्या कानात एकदम खरखर झाली, वाळक्या पानांवर कुणी पाय द्यावा तशी. त्याने हेडफोन काढले. दोघांनी चांगले कोट घातले होते. कामाच्या दिवशी चांगले कोट कशाला, एवढं त्याच्या मनात आलं आणि गेलं. त्याने त्यांना बसवलं, चहा ओतला. तोकोनने टेबलावरच्या उघड्या डब्याकडे बघून विचारलं, हे काय बांधतोयस? आणि दोरोनबेक सांगायला लागला. व्हॉल्व्हचा, म्हणजे या काचेच्या नळ्यांचा प्रीअँप्लिफायर आहे, तबकडीचा आवाज वाढवतो, सुटे भाग पोस्टाने मागवले, हेडफोन लावून ऐकायचं, भिंती पातळ आहेत ना. दोन बाजू असतात. डावी तुमच्या बहिणीची, उजवी माझी. तिची बांधून झाली, माझी अर्धी राहिलीय. नारीनच्या बहिणीकडून आली की माझी तपासणार आहे, नापास करणार बहुतेक. तो हसला. ते दोघं हसले नाहीत. म्हाताऱ्यांनी तांबूस उजळलेल्या काचेकडे बोट केलं आणि हळू विचारलं, हा दिवा विझला तर काय करायचं, बाळा? दोरोनबेक म्हणाला, त्यात काय, दुसरा घालायचा, जुन्या बाजारात पोत्याने मिळतात. म्हातारे मान खाली घालून बसले. मग म्हणाले, "सगळेच दिवे बाजारात मिळत नाहीत. काही एकदाच येतात, आणि ज्याने दिला तो परत मागून घेतो." चहाला दोघांनीही हात लावला नव्हता. तेव्हा त्याला कळलं. मरणाची बातमी अशीच आणायची असते, वळणावळणाने, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याने स्वतः दोनदा दुसऱ्यांच्या घरी अशी नेली होती. तरीही कळेपर्यंत तो व्हॉल्व्हविषयी बोलत राहिला होता, आणि तोकोन मान हलवत ऐकत राहिला होता.

नारीनला बहिणीच्या घरी अंगणात कपडे वाळत घालताना ती खाली बसली आणि उठली नाही, एवढंच. तिला आणलं. तीन इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेतल्या मोटारी हलवून तिथे रीतीप्रमाणे जाड लोकरी फेल्टचं तंबूसारखं घर उभं केलं. आत तिला ठेवलं, बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि तिच्यावर गाणी रचून रचून रडू लागल्या. पुरुषांनी बाहेर उभं राहायचं. त्याने कमरेला पट्टा बांधला, काठीवर वाकला, आणि लोकांची नवी टोळी फाटकातून आत आली की मोठ्याने आक्रोश करायचा, रीत होती तसा केला. आवाज निघाला, पण तो आपलाच आहे हे त्याला पटेना. आतून नणंदा-भावजयांचं गाणं जाड फेल्टमधून येताना शब्द हरवून येत होतं, नुसता चढउतार ऐकू येत होता, आणि त्याला वाटलं, आपल्या कानांवर अजून हेडफोनच आहेत. हात वर करून त्याने कान चाचपले. शेजारी उभा असलेला जावई म्हणाला, काय हवंय बाबा? काही नाही, तो म्हणाला. पण भीती लागली ती तिथे. तेव्हापासून प्रत्येक आवाज कशाच्या तरी पलीकडून येतोय असं त्याला वाटायचं. नळाचं पाणी, जिन्यातली पोरं, मुलगी मिरगुल फोनवर बोलायची ते, सगळं पलीकडून. आणि पलीकडून काय काय येऊ शकतं याला हद्द नसते.

माणसं पांगली. तो डबा टेबलावर तसाच होता. नारीनला जाताना अनारकुलने त्यावर चहाच्या भांड्यांचं फडकं टाकलं होतं, त्याने तिची बाजू लावून बघायला ते काढलं होतं, आणि लोक जमायच्या आधी कुणीतरी परत टाकलं होतं. तो टेबलाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर जेवायचा. फडक्याखाली चार कोपरे आणि मधे दोन उंचवटे दिसायचे. बघू नये असं ठरवून जेवलं की घास घशाखाली जाताना आवाज व्हायचा. त्याची आई म्हणायची, मेलेल्याचं अर्धवट काम घरात ठेवू नये. विणायला घेतलेलं असेल तर विणून टाकावं, शिवायला घेतलेलं असेल तर शिवावं, नाहीतर ते माणूस पुन्हा पुन्हा येऊन बघतं, झालं का, झालं का. लहानपणी हे ऐकून तो आजोबांच्या अर्ध्या शिवलेल्या खोगिराजवळून पळत जायचा. आता तो साठी उलटलेला माणूस होता. आयुष्यभर त्याने या शहरात ट्रॉलीबस चालवली होती. तरी स्वयंपाकघरातून खोलीत येताना तो त्या टेबलाला वळसा घालून यायचा.

विजेची भीती त्याला नवी नव्हती. ट्रॉलीबसच्या टपावर सहाशे व्होल्टच्या तारा असतात, आणि जुन्या गाडीचा पत्रा ओला झाला की कधीकधी वीज अंगात उतरते. आत बसलेल्याला काही होत नाही. ज्याचा एक पाय जमिनीवर आणि हात दांडीला, त्याला झटका बसतो. अशाच एका पावसाळी सकाळी कारखान्याच्या थांब्यावर एक मुलगी दोन्ही पाय जुळवून, कशालाही न शिवता, बेडकासारखी उडी मारून आत आली होती. सगळे हसले. ती सरळ त्याच्या काचेपाशी आली आणि म्हणाली, "ड्रायव्हर, तुमची गाडी चावते." त्याने विचारलं, तुला कसं कळलं, तू तर हात लावला नाहीस. ती म्हणाली, मागच्या दाराला एक आजीबाई आईबहीण काढतायत ते ऐकलं. त्याने गाडी आगारात नेली. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी पुन्हा तशीच उडी मारून चढली आणि मग रोज, गाडी सुधारली तरी. लग्नानंतरही ती त्याला ड्रायव्हरच म्हणायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत तिला त्यामुळे सोयीची पडली. ती बिनतारी यंत्रांच्या कारखान्यात तारा कथलाने जोडायच्या, सोल्डरिंगच्या लायनीत होती. कारखाना बंद पडल्यावर तिने बाजारात लोकर विकली, शाळेत फरशा पुसल्या, पण हात लायनीतलेच राहिले. शर्टाचं बटण लावतानासुद्धा ती धागा पिळायची तो तार पिळावी तसा, तीन पीळ आणि एक हलका ओढा.

सुट्या भागांचं किट मागवायची कल्पना तिची. एका डब्याला दोन हेडफोन लागतील असा घेऊ, ती म्हणाली, तू इकडे बस, मी तिकडे बसते, एकच तबकडी, आणि शेजारच्यांना वाटेल म्हातारा-म्हातारी मेली. शेगडीच्या प्लगमधून तिने अर्थिंगची, गळकी वीज जमिनीत नेणारी, वेगळी तार ओढून आणली. मग त्याला शिकवलं. कथील कुठे वितळतं, राळेचा धूर नाकात जाऊ द्यायचा नाही, सोल्डरिंगचं आयर्न पेन्सिलीसारखं धरायचं. आणि सगळ्यात आधी, चालू डब्यात हात घालायचा तर दुसरा हात खिशात. एका हातातून शिरलेली वीज दुसऱ्या हातातून निघाली की वाटेत छाती लागते. "बंद केलं तरी आतल्या कपॅसिटरमधे धरून ठेवलेली असते," ती म्हणाली, "बाईसारखी. भांडण संपलं असं तुला वाटतं." तो हसला होता. आता रिकाम्या घरात चालताना त्याचा डावा हात आपोआप खिशात जायचा.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं आणि त्यानंतर एका सकाळी त्याने फडकं काढलं. अर्धवट ठेवायचं नाही, एवढाच विचार होता. तिची बाजू आणि त्याची बाजू शेजारी शेजारी होत्या. तिचे सोल्डरचे थेंब सगळे एकसारखे, चकचकीत, आणि त्याचे खडबडीत, करडे, चिखलाच्या शिंतोड्यांसारखे. तिच्या बाजूकडे बघायची त्याला हिंमत होईना. एखादा पाहुणा आपल्या कामावर नजर ठेवून बसला असावा, तसा तो उजवीकडे वाकून काम करत राहिला. राळेचा धूर उठला की तो थांबायचा. गुरुवारी मिरगुल येऊन तेलात भाकऱ्या तळायची. मेलेल्यांना तेलाचा वास पोचतो, तेवढंच त्यांचं जेवण, म्हणून घरात वास सोडायचा असतो. दोरोनबेकला वाटायचं, तिला तेलाचा वास पोचत असेल तर राळेचा तर आधी पोचेल. तेलापेक्षा तिने राळ जास्त हुंगली होती. मग तो मागे वळून दाराकडे बघायचा. दार लावलेलं असायचं.

शेवटचा थेंब बसला. त्याने व्हॉल्व्ह खोबणीत दाबले, डावा हात खिशात घातला, बटण दाबलं. काचेच्या आत हळूहळू तांबूस उजेड आला. त्याने हेडफोन कानांवर चढवले, तबकडी लावली नाही, आधी नुसती शांतता ऐकायची असं तिने सांगितलं होतं. उजव्या कानात काही नव्हतं. खोल, स्वच्छ काही नाही, रात्रीच्या बर्फासारखं. त्याची बाजू उत्तीर्ण झाली होती. डाव्या कानात खरखर झाली. थांबली. मग पुन्हा, छोटीशी, घसा साफ केल्यासारखी.  तो हललाच नाही, आणि तो हलला नाही तेव्हा तीही थांबली. त्याने टेबलावर कोपर टेकलं. खरखर. त्याला माहीत होतं, टेबल हललं म्हणून झालं असणार. ड्रायव्हरच्या डोक्याला हे कळत होतं. पण ड्रायव्हरच्या डोक्याखाली आणखी कुणीतरी होतं, आणि ते हळूच म्हणालं, अनार? बोलताना तो पुढे झुकला असेल, टेबलाला पोट लागलं असेल. डाव्या कानात खरखर झाली. त्याने हेडफोन फेकले, प्लग उपटला, आणि बाल्कनीत जाऊन थंडीत उभा राहिला. समोरच्या इमारतीत एक बाई गालिचा झटकत होती. झटकल्याचा आवाज तिचा हात खाली आल्यावर मागाहून येत होता, पलीकडून.

तरी तो दुसऱ्या दुपारी पुन्हा बसला. भीती वाटते म्हणून माणूस एखाद्या विहिरीत पुन्हा पुन्हा वाकून बघतं, तसं. तबकडी लावायचा आणि गाणं उजव्या कानाने ऐकायचा, डावा कान राखून ठेवायचा. कधी अख्खं गाणं संपायचं आणि काही व्हायचं नाही, मग त्याला आणखीच भीती वाटायची. एकदा त्याने विचारलं, तिथे थंडी आहे का? नंतर विचारलं, कपडे वाळत घालताना तुला काही दुखलं का, की एकदम झालं? उत्तर यायचं किंवा यायचं नाही. दुसरा हेडफोन, तिचा, खिळ्याला टांगलेला होता. त्याने तोही जोडला आणि तिच्या खुर्चीवर ठेवला, आणि मग त्या खुर्चीकडे बघावं लागू नये म्हणून तोंड भिंतीकडे केलं. फेल्टच्या घरात बायका बसल्या होत्या तसं.

मिरगुलला आधी वाटलं, बाबांनी मन रमवायला काहीतरी धरलंय, बरं झालं. मग तिला दोन हेडफोन दिसले. तळलेल्या भाकऱ्यांचं ताट ठेवायला टेबलावर जागा करायची म्हणून तिने चालू डबा ढकलला. एका हातात ओलं फडकं होतं, पायाखाली नुकतीच पुसलेली फरशी. तिने हात झटकन मागे घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "हे चावलं मला."

तेच शब्द, आईचे. आईने ते कुठे, कधी म्हटले होते हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिच्या जन्माआधीची गोष्ट. दोरोनबेकने तिचा हात धरून बोटं उलटीसुलटी करून बघितली. काही झालेलं नव्हतं, मुंग्या आल्या होत्या इतकंच. ती म्हणाली, आजच्या आज हे बाहेर काढा, पुढच्या आठवड्यात मुलं येणारेत, धाकटी सगळ्याला हात लावते. तो म्हणाला, बघतो. ती म्हणाली, बघतो नाही, बाबा, आईनंतर मला आता तसली दुसरी बातमी ऐकायची नाहीये. त्या दिवशी ती गेल्यावर तो डब्यापासून लांब, दारापाशी स्टूल ठेवून बसला. गाडी चावते याचा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता. पत्र्यात वीज उतरतेय आणि तिला जमिनीत जायला वाट नाहीये. आज मुंग्या, उद्या ओल्या हाताला छातीपर्यंत. दोष कुठल्या बाजूचा हेही त्याला आतून माहीत होतं. उजवी बाजू गप्प होती.

त्याच आठवड्यात तमारा पाक आली. कारखान्यातली अनारकुलची जुनी मैत्रीण, मुलाकडे सेऊलला गेलेली, परतल्यावर बातमी कळली. दारातच तिने त्याला मिठी मारली, रडली, आणि डोळे पुसून लगेच गाजराच्या कोशिंबिरीची बरणी त्याच्या हातात दिली. "काय रे हे, सापळा झालायस. ती गेली म्हणून काय चूल पण तिच्याबरोबर पुरलीस?" तो चहा करायला गेला. परत आला तर ती टेबलापाशी उभी राहून डब्याकडे बघत होती, हात न लावता, डावा हात कोटाच्या खिशात. त्याच्या हातातली चहाची वाटी कलंडली. "अगं, तू पण?" तो म्हणाला. ती म्हणाली, मी पण काय? मग खाली बघून तिला स्वतःचा हात दिसला. "सगळ्याच ठेवायच्या. फोरमन आमच्या खिशांवर छड्या मारायचा आत हात आहे का बघायला."

त्याने तिला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे खरखर आणि मिरगुलला बसलेला झटका. खुर्चीविषयी सांगितलं नाही. तमाराने प्लग काढायला लावला, कपॅसिटरमधली साठलेली वीज उतरवायला लावली, मग डबा उलटा करून खिडकीशी नेला आणि नाक लावून बघू लागली. अनारच्या बाजूचे थेंब बघताना ती हूं, हूं करत होती, शाळेतल्या मास्तरणीसारखी. एका जागी थांबली. आणि हसली, एकदम, मोठ्याने, आणि हसता हसता तिने तोंडावर हात धरला.

"हे बघ. अर्थची तार. तिची बाजू आणि डब्याचा पत्रा, दोन्हीची एकच. नुसती पिळून ठेवलीय. सोल्डर नाहीच."

तीन पीळ होते. आणि टोकाला किंचित ओढलेली.

"विसरली असेल," तो म्हणाला.

"अनार? अनार काय विसरते." ती खुर्चीवर बसली, अनारच्याच, हेडफोन मांडीवर घेऊन. "अरे, ते तिचं कामच नव्हतं. तिच्या टेबलावर बाकी सगळं सोल्डरने झाळायचं आणि अर्थची तार नुसती पिळून ट्रे पुढं सरकवायचा. तो थेंब पुढच्या टेबलावर. पुढचं टेबल माझं. कारखाना होता तोवर तिने पिळलं आणि मी झाळलं. हाताला काय माहीत की पुढं आता कुणी बसलेलं नाही?"

दोरोनबेक त्या तारेकडे बघत राहिला. एवढंच होतं. एक तार. तिला वाटलं होतं, आपली बाजू झाली, आणि ती फडकं टाकून नारीनला गेली. तिच्या लेखी तिचं काम पुरं होतं. मग येऊन कोण विचारत होतं, झालं का, झालं का? त्याला हलकं वाटायला हवं होतं. पण झालं उलटंच, जसं जिन्यात आणखी एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि ती नसावी.

तो म्हणाला, "मग तू झाळ. तुझंच काम ना."

"माझे डोळे बघ. मोतीबिंदू. थेंब कुठं पडेल कुणास ठाऊक. आयर्न तापव, मी सांगते, तू लाव. पीळ तिचाच राहील. वरून फक्त थेंब."

त्याने आयर्न तापवलं. राळेत टोक बुडवलं, धूर उठला, ओळखीचा. तमाराने डबा खिडकीच्या उजेडात धरला. त्याने टोक तारेजवळ नेलं, इतकं जवळ की तांबं मऊ दिसायला लागलं. त्या पिळावर अनारची दोन बोटं उमटलेली होती, अंगठा आणि मधलं, तो पिळण्याची दिशासुद्धा ओळखू शकत होता. बाहेर कुणी तरी गालिचा झटकत होतं. तो म्हणाला, "हे लावलं की खरखर जाईल?"

"जाणारच. त्याचसाठी लावायचं." तिने त्याच्याकडे बघितलं. "का? तुला काय खरखर पाहिजे?"

त्याने टोक मागे घेतलं. टोकावरचा थेंब आपल्या वजनाने टपकला आणि टेबलावर पडून करडा झाला. तो नंतर दोन्ही कान लावून बसेल आणि दोन्हीकडे उजव्या बाजूसारखंच असेल, खोल आणि स्वच्छ, ते त्याला दिसत होतं. ती शांतता विजेपेक्षा मोठी होती. विजेला निदान खिशात हात ठेवून चुकवता येत होतं. तमाराने त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग आपल्या अधू डोळ्यांनी चाचपत जाऊन आयर्नचा प्लग काढला. मांडीवरचा हेडफोन तिने खिळ्याला टांगला, खुर्ची टेबलाखाली सरकवली. दाराशी जोडे घालताना ती म्हणाली, "झाळेपर्यंत त्याला लावू नकोस. ऐक माझं. माणूस मरतो त्याने, दोरोनबेक. थट्टा नाही."

"हो," तो म्हणाला. "करतो."

पुढच्या आठवड्यात मुलं येऊन गेली. तेवढ्यापुरता त्याने डबा कपाटावर ठेवला, धाकटीचा हात पोचणार नाही असा, आणि मिरगुलला सांगितलं, बंद केलाय. ती गेल्यावर त्याने तो खाली घेतला. आता दुपारी तो फरशी कोरडी करून घेतो, रबरी चपला घालतो, डावा हात खिशात घालतो आणि बटण दाबतो. आयर्न टेबलावर आहे. सोल्डर आहे, राळ आहे. अर्थची तार अजून झाळलेली नाही.